स्नो-पावडरमधला स्नो

मागच्या पावसाळ्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक काकू पाय सुजले म्हणून माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे.) मधुमेह नाही, रक्तदाब बेताचा, हृदयाचा आवाज स्वच्छ. सकाळी पापण्या जड आणि संध्याकाळी घोट्यांवर बोट दाबलं की खड्डा. लघवीला फेस येतो का, असं विचारल्यावर सून म्हणाली, "हो, साबणाच्या पाण्यासारखा." लघवीतून प्रथिनं वाहून जात होती, चोवीस तासांत सहा ग्रॅम. निरोगी माणसात हा आकडा एक ग्रॅमच्या सहाव्या-सातव्या भागापलीकडे जात नाही.

अशा वेळी आम्ही डॉक्टर नेहमीचे प्रश्न विचारतो. वेदनाशामक गोळ्या घेता का? कोणी भस्म दिलंय का? झाडपाला? सगळ्याला "नाही". निघताना सून सहज म्हणाली, "चेहरा बघा ना, आजारी माणसाचा वाटतो का? उलट तुकतुकीत झालाय." खरंच झाला होता. गालांवरचे जुने वांगाचे डाग जवळजवळ गेले होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी वांग आपोआप जात नाही.

"काही लावता का काकू तोंडाला?"

काकू लाजल्या. "स्नो लावते," म्हणाल्या.

हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला असेन! "स्नो-पावडर करून निघाली" हे आपण अजून बोलतो, पण त्यातला स्नो कुठे आहे? पावडर आहे. स्नो मात्र दुकानांतून हळूहळू नाहीसा झाला. एखाद्या जुन्या कटलरीच्या दुकानात एखादी बाटली अजून निघेलही, पण विशीतल्या मुलीला स्नो म्हणजे काय विचारलं तर ती काश्मीरचे फोटो दाखवेल.

काकूंना तो कुठे मिळाला, हे शेवटी सांगतो. आधी स्नोबद्दल, कारण या वस्तूचा जन्म थेट आमच्या, म्हणजे औषधांच्या, घरातला आहे.

चेहऱ्याला लावायच्या क्रीमचा इतिहास सांगताना गॅलेनपासून सुरुवात करतात. दुसऱ्या शतकात रोममध्ये काम करणारा हा ग्रीक वैद्य. मधमाशीचं मेण तेलात वितळवायचं आणि घोटता घोटता त्यात पाणी मिसळायचं, अशी त्याची कृती. त्वचेवर लावलं की त्यातलं पाणी उडून जाताना गार वाटतं, म्हणून ते कोल्ड क्रीम. मेण आणि तेल जास्त, पाणी कमी, अशी त्याची घडण. थंडीत फुटलेल्या गालांना उत्तम, पण दिवसा लावून बाहेर पडलं तर तोंड तेलकट दिसणार आणि रस्त्याची धूळ त्यावर बसणार. सुमारे सतराशे वर्षं लोकांनी हे सोसलं.

मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशेल शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबी म्हणजे काय हे उलगडलं. चरबीतून त्याने मेदाम्लं वेगळी केली. त्यातलं एक स्टिअरिक आम्ल. पांढरंशुभ्र, कडक, हाताला न चिकटणारं. १८२५ साली त्याने आणि गे-ल्युसॅकने त्याच्या मेणबत्त्या करण्याचं पेटंट घेतलं. चरबीच्या मेणबत्त्या धुरकट जळत, वास मारत. या नव्या स्वच्छ जळत. आपल्याकडे हे आम्ल भरपूर सापडतं ते कोकमतेलात. थंडीत टाचांच्या भेगांना लावायला आजी जो कडक पांढरट गोळा निखाऱ्यावर धरून पातळ करायची, त्यातल्या मेदाम्लांपैकी निम्म्याहून अधिक स्टिअरिकच असतं. तिथे ते तेलात बांधलेल्या रूपात असतं, एवढाच फरक. म्हणून तर तो गोळा खोलीच्या उष्णतेला वितळत नाही.

स्नो म्हणजे हेच मेणबत्तीचं द्रव्य पाण्यात उतरवलेलं. स्टिअरिक आम्ल वितळवायचं, त्यातल्या चौथ्या-पाचव्या भागापुरताच क्षार घालायचा, म्हणजे तेवढ्याच भागाचा साबण होतो. तो साबण उरलेल्या आम्लाचे बारीक कण पाण्यात धरून ठेवतो. थोडं ग्लिसरीन, थोडं अत्तर, आणि बाकी सत्तर टक्क्यांच्या आसपास निव्वळ पाणी. काही दिवस ठेवलं की आम्लाचे सूक्ष्म स्फटिक होतात आणि क्रीमला मोत्यासारखी झाक येते. कोल्ड क्रीम तेलात पाणी, तर हे पाण्यात तेल, असं उलटं गणित. बोटाने चोळलं की पाणी उडतं आणि डोळ्यांदेखत क्रीम "गायब" होतं, म्हणून इंग्रजीत त्याला व्हॅनिशिंग क्रीम म्हणत. गायब काही होत नाही. आम्लाच्या स्फटिकांचा पातळ थर मागे राहतो. तो कोरडा असतो, उजेड विखुरतो, त्यामुळे तोंड थोडं उजळ आणि बिनचकाकीचं दिसतं. आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर पावडर बसते, तासन् तास टिकते.

ही युक्ती मराठी बायकांना नवी नव्हती. कपाळावर आधी मेणाचं बोट, मग त्यावर कोरडं कुंकू. फणेरपेटीत मेणाची छोटी डबी असायचीच. स्नो आल्यावर त्यांना कोणी शिकवावं लागलं नसणार.

या प्रकारच्या क्रीमचं बाजारातलं पहिलं मोठं नाव हेझलिन स्नो. १८९२ साली ते आणलं बरोज वेलकम या लंडनच्या औषध कंपनीने. सायलस बरोज आणि हेन्री वेलकम या दोन अमेरिकन औषधविक्यांनी ती १८८० साली काढली होती. विच हेझल नावाच्या अमेरिकन झुडपाचा अर्क ते 'हेझलिन' या नावाने मुका मार, खरचटणं, मूळव्याध यांच्यासाठी विकत. गंमत म्हणजे ज्या पाँड्सची पावडर आपल्या घरोघरी आली, त्या कंपनीची सुरुवातही १८४६ साली न्यूयॉर्क राज्यात याच झुडपाच्या अर्काने झाली. दोघेही जखमेच्या औषधावरून निघाले आणि आरशासमोर पोचले.

बरोज वेलकमचं नाव वाचून माझ्या वयाच्या डॉक्टरांना वेगळीच आठवण येईल. आम्ही एमबीबीएसला असताना सेप्ट्रान, झायलोरिक, लॅनॉक्सिन ही सगळी त्यांची औषधं रोज लिहायचो. १८८४ साली 'टॅब्लॉइड' हा शब्द त्यांनीच आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी नोंदवला, वर्तमानपत्रांना तो नंतर चिकटला. स्टॅनलीच्या आफ्रिकेतल्या मोहिमेला औषधांच्या पेट्या त्यांच्या होत्या. त्यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतल्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल मिळालं, तेव्हा आमच्या फार्माकॉलॉजीच्या सरांनी पेढे वाटले होते. त्याच कंपनीची बरणी माझ्या आत्याच्या फडताळात होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. औषधवाल्यांनी केलेलं म्हणून लोकांचा स्नोवर विश्वास बसला असणार. दवाखान्याचा वास असलेली वस्तू चेहऱ्याला लावायला माणूस कचरत नाही, हे मी रोज पाहतो.

मुंबईत या परदेशी स्नोला देशी उत्तर मिळालं ते अफगाण स्नोचं. इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ साली ते काढलं, असं सांगतात. नावामागे एक गोष्ट जोडलेली आहे. अफगाणिस्तानच्या राजाने बरणी उघडून पाहिली आणि हे आमच्याकडच्या बर्फासारखं आहे, असे उद्गार काढले. काही ठिकाणी तो राजा झहीर शाह असल्याचं छापलेलं दिसतं. ते जमत नाही. झहीर शाह गादीवर आला १९३३ साली, १९१९ मध्ये तो पाच वर्षांचाही पुरता नव्हता. त्या वर्षी गादीवर आला तो अमानुल्ला, आणि तो मुंबईत आला १९२७ च्या डिसेंबरात, युरोपच्या दौऱ्यावर निघताना. म्हणजे एक तर बरणीला नाव नंतर मिळालं किंवा गोष्ट नंतर मिळाली. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. पण गोष्ट नसती तरी नाव चाललंच असतं. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नाही, त्यांना त्या नावात गारवाही मिळायचा, पांढरेपणाही आणि दूरचा देशही.

पांढरेपणा हा शब्द मी मुद्दाम वापरला. स्नोचं गुणगान करताना हे विसरता येत नाही की तो खपला तो बऱ्याच अंशी गोरं दिसण्याच्या हौसेवर. "मुलगी निमगोरी आहे" हे वाक्य ज्या समाजात पत्रिकेइतकं वजनदार, तिथे बरणीत बर्फ विकणं सोपं. आमच्या आत्याला दाखवायच्या कार्यक्रमाआधी दोनदा स्नो लावला जायचा, आणि तरी दोन ठिकाणांहून "रंग जरा…" असा निरोप आलाच होता. एवढं मात्र खरं की तो गोरेपणा वरवरचा होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं. रात्री तोंड धुतलं की उतरायचा. त्वचेच्या आत काय चाललंय, याच्याशी स्नोचा संबंध नव्हता.

काकूंचा पहिला स्नो त्यांच्या थोरल्या बहिणीच्या रुखवतातला. स्नो, पावडर, अत्तराची कुपी आणि हातरुमाल असा थाट एका परातीत मांडलेला. वर्ष १९६४, काकू चौदा वर्षांच्या, मुक्काम तासगाव. ताई सासरी गेली, दिवाळसणाला आली तेव्हा अर्धी संपलेली बरणी धाकटीसाठी ठेवून गेली. काकू ती शाळेत जाताना लावायच्या, वाटाण्याएवढी, कारण पुढची बरणी मिळेल याची खात्री नव्हती. एकदा वडिलांनी पाहिलं. "नाटकात काम करायचंय का?" एवढंच म्हणाले. त्यानंतर काकू शाळेच्या वाटेवर, मैत्रिणीच्या घरी थांबून लावू लागल्या. ताई पुढे तीन वर्षांत बाळंतपणात गेली. बरणीत नंतर शर्टाची बटणं राहायची, आणि झाकण उघडलं की कितीतरी वर्षं तो वास यायचा.

हे त्यांनी मला किडनीचा रिपोर्ट हातात असताना सांगितलं. दहा मिनिटांत सांगितलं, तारखांसकट. सकाळची गोळी घेतली का, हे त्यांना आठवत नव्हतं.

यात स्मृतिभ्रंश वगैरे काही नाही. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयात जास्त आणि ठळक आठवतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. वासाची वाट तर आणखी जवळची. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातं. वासाचा संदेश त्या नाक्यावर न थांबता भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांत पोचतो. म्हणून वास आला की आठवण आधी येते आणि नाव मागाहून.

मग स्नो गेला कसा? एका दिवसात नाही, आणि कोणी बंदीही घातली नाही. डॉक्टर म्हणून सांगायचं तर त्याच्यात उणिवा होत्याच. साबण असल्यामुळे तो किंचित अल्कधर्मी, तर आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, पीएच पाचच्या आसपास. रोज लावला तर कोरड्या त्वचेची माणसं हिवाळ्यात फुटून निघायची. म्हणून पाँड्सच्या जाहिराती १९१० च्या दशकापासूनच सांगत होत्या, दिवसा व्हॅनिशिंग क्रीम, रात्री कोल्ड क्रीम. दोन बरण्या घेणं कोणाला परवडणार? दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाशिवाय तेल-पाणी एकत्र धरणारी नवी द्रव्यं आली, आणि त्वचेला ओलावा देणारी हलकी क्रीम करता येऊ लागली. १९५२ साली टाटांनी लॅक्मे काढली, फाउंडेशन, लिपस्टिक असा सगळा संसार देशातच मिळू लागला. फाउंडेशनने स्नोचं काम रंगासकट केलं.

पण खरा धक्का दिला तो १९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमने. (२०२० साली त्याचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं.) स्नो म्हणायचा, आता उजळ दिसाल. हे क्रीम म्हणायचं, काही आठवड्यांत उजळ व्हाल. त्यात नायसिनमाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार. रंगद्रव्याचे कण त्वचेच्या वरच्या पेशींत पोचण्याच्या वाटेत ते थोडा अडथळा आणतं. परिणाम सौम्य, द्रव्य निर्धोक. त्यावर माझी वैद्यकीय तक्रार नाही, जाहिरातींवर आहे. आणि एक मजेशीर गोष्ट. अशा क्रीमच्या ट्यूबवर घटकांची यादी वाचून बघा, सुरुवातीलाच पाणी आणि स्टिअरिक आम्ल दिसेल. स्नो गेला म्हणतो आपण, तो नाव बदलून तिथेच राहत होता.

बदललं ते वचन. एकदा "आतून गोरं" हे विकता येतं हे कळल्यावर जो तो आत शिरू लागला. १९३९ साली अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे आले. रबरी हातमोज्यांतलं एक रसायन रंगपेशींना मारत होतं. असा अपघात पाहून माणसाला भीती वाटायला हवी, पण त्याच कुळातली रसायनं पुढे रंग उतरवायला वापरात आली. आपल्या देशात स्टिरॉइडची मलमं गोरेपणासाठी चेहऱ्याला चोळण्याची साथच आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमं लावत होते, म्हणजे सातांत एक. पातळ झालेली, लाल पडलेली, उन्हात जळजळणारी ती कातडी मी दर आठवड्याला पाहतो.

आणि सगळ्यांत जुना, सगळ्यांत वाईट म्हणजे पारा. त्वचेत रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला तांबं लागतं. पारा ती जागा अडवतो, रंग तयार होणं थांबतं. काही आठवड्यांत चेहरा खरोखर उजळतो, डाग जातात. म्हणूनच तो इतका घातक, कारण लावणारी खूश असते. पारा त्वचेतून रक्तात जातो, आणि किडनीच्या गाळण्यांवर शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडं साचायला लागतात. नैरोबीच्या डॉक्टरांनी १९७२ साली हे लिहून ठेवलं आहे. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या त्यांच्या प्रौढ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण त्वचा उजळवायचं क्रीम लावत होते. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण पाहिले. १५ जणांत त्या आजाराचा एक खास, एरवी दुर्मीळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरणारे होते. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे डोळ्यांची प्रसाधनं सोडून बाकी कशातही, तेही चुकून मिसळलेला, पारा दहा लाखात एक भागाहून जास्त असता कामा नये. ज्या बरण्यांवर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक काहीच नसतं, त्यांना नियम लागू कोण करणार?

काकूंची बरणी तशी होती. जाड पांढऱ्या काचेची, पत्र्याचं सोनेरी झाकण, वर फक्त एका फुलाचं चित्र. जत्रेत एका फिरत्या विक्रेत्याकडे दिसली. "जुना स्नो आहे, आजी, पूर्वीचा," असं तो म्हणाला. काकूंनी झाकण उघडून वास घेतला. "अगदी तसा नव्हता," त्या मला म्हणाल्या, "पण जवळ होता." दोन बरण्या घेतल्या. पाच महिने रोज लावला. नातीलाही लावायचा प्रयत्न केला, पण तिला वास आवडला नाही. तिचं नशीब.

किडनीतज्ज्ञांकडे पाठवलं, बायोप्सी झाली, मेम्ब्रेनस निघालं. लघवीत पारा वाढलेला. उरलेली बरणी तपासायला दिली, तर नियमातल्या मर्यादेच्या कित्येक हजार पट. जुन्या स्नोच्या कृतीत पाऱ्याची गरजच नव्हती, मेणबत्तीच्या द्रव्याने त्याचं काम भागत होतं. विक्रेत्याने काचेची बरणी आणि अत्तर तेवढं जुनं उचललं होतं. मी घरातल्या सगळ्यांची लघवी तपासून घेतली, कारण पारा टॉवेल, उशी, हात यांवरून लहान मुलांपर्यंत पोचतो. बाकीचे ठीक होते. अशी बरणी सापडली तर ती चुलीत किंवा कचऱ्याबरोबर जाळायची नाही, वाफ छातीत जाते. पिशवीत घट्ट बांधून डॉक्टरांना किंवा अन्न व औषध प्रशासनाला द्यायची. आणि एखाद्याचा चेहरा झपाट्याने उजळलाय व पाय सुजलेत, असं दिसलं तर आधी लघवी तपासायची. साध्या पट्टीने पाच मिनिटांत कळतं.

क्रीम बंद केलं, रक्तदाबाच्या गटातली एक गोळी आणि मीठ कमी. जोरकस औषधं द्यावी लागली नाहीत, हे काकूंचं भाग्य, सगळ्यांचं तसं होत नाही. सहा ग्रॅमचे तीन झाले, तीनाचा एक, अकराव्या महिन्यात पट्टी कोरी निघाली. वांग परत आला. मला त्या डागांचा फार आनंद झाला, काकूंना झाला नाही.

मागच्या आठवड्यात आल्या होत्या. पणतवंडाचं बारसं आहे. "आता तोंडाला काय लावू ते तुम्हीच सांगा," म्हणाल्या. मी नाव-पत्ता असलेल्या कंपनीचं बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लिहून दिलं. वर हवी तर पावडर लावा, म्हटलं.

"ते आणलं होतं सुनेने," काकू म्हणाल्या. "त्याच्यावर पावडर टिकत नाही डॉक्टर."

बरोबर होतं त्यांचं. टिकत नाही.